मेणवलीची घंटा, कॉफीत रंगवलेली

कॉफीने चित्र काढायचं ठरवलं की कोणता रंग घ्यावा हा प्रश्नच मिटतो. हाती उरतात फक्त उजेड आणि सावली. म्हणून तर मला हे माध्यम इतकं आवडतं. रंगाच्या ट्यूबा हाताशी असल्या की सावली नीट जमली नाही तरी थोडा निळा-जांभळा लावून वेळ मारून नेता येते. कॉफीत ती पळवाट नाही.

मी साधी इन्स्टंट कॉफी वापरते, पण चिकोरी नसलेली. चिकोरीची पावडर दमट हवेत लगेच गोळा होते आणि कागदावरही चिकट राहते. फिल्टरचं डिकॉक्शन दिसायला सुरेख, पण गडद सावलीला पुरत नाही, आटवत बसावं लागतं. माझ्या तीन वाट्या ठरलेल्या: एकीत पावडर जेमतेम विरघळेल एवढंच गरम पाणी, दुसरीत त्याहून पातळ, तिसरीत अगदी फिक्या चहासारखं. कागद ३०० जीएसएमचा, खरखरीत. पातळ कागद पहिल्याच वॉशला फुगतो.

वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. तिथल्या छोट्या देवळात एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथून आणलेली म्हणतात. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. ही घंटा आणि तिच्याखालचा घाट मला हवा होता.

कॉफीत पांढरा रंग नसतो. घंटेच्या काठावर उन्हाची चिंचोळी पट्टी होती, तेवढा कागद सुरुवातीपासून कोरडाच राखला. दुसरा थर देताना ब्रश एकदाच फिरवायचा आणि उचलायचा, कारण वाळलेली कॉफी ओल लागली की पुन्हा विरघळते, खालचा थर उठून येतो. पण हाच गुण कामालाही येतो. मेरीचा चेहरा मी रंगवलाच नाही. भोवतीचं सगळं वाळल्यावर स्वच्छ ओल्या ब्रशने तेवढी कॉफी उचलून घेतली.

खरी मजा पायऱ्यांत आली. कॉफीचा थेंब वाळला की मधे फिका आणि कडेला गडद होतो, हे आपण टेबलावर रोज पाहतो. शिकागो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी १९९७ साली त्याचं कारण मांडलं: थेंबाची कड जागच्या जागी चिकटून राहते, तिथलं पाणी सगळ्यात लवकर उडतं, ते भरून काढायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि जाताना कण घेऊन जातं. मी कागद आडवा ठेवून प्रत्येक पायरीवर वेगळं डबकं सोडलं आणि हात लावला नाही. पायऱ्यांच्या कडा आपोआप उमटल्या. पेनाने ओढलेल्या रेघेला ती नजाकत नसते.

घाटावर धुणं धुणाऱ्या एक आजी बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "मुंग्या न्हाईत का लागायच्या ह्याला?"

"साखर नाही हो आजी ह्यात."

त्यांचा प्रश्न मात्र रास्त होता. मुंग्यांपेक्षा भीती बुरशीची आणि उन्हाची. चित्र पूर्ण सुकवून त्यावर फिक्सेटिव्ह मारते, फ्रेमची काच कागदाला टेकणार नाही असा माउंट घालते आणि ऊन येणाऱ्या भिंतीवर कधीच टांगत नाही. व्हिक्टर ह्यूगो आपल्या चित्रांत शाईबरोबर काजळी आणि कॉफीही वापरायचा, ती चित्रं आज संग्रहालयांत जपलेली आहेत. तेव्हा निगा राखली तर टिकतं.

चित्र पाहिलेल्यांपैकी काहींनी नदीला थोडा निळा रंग द्यायला सुचवलं. हल्ली पुष्कळजण कॉफीच्या चित्रात असा एखादा रंगाचा ठिपका ठेवतात. मला ते मुळीच पटत नाही. निळा आला की नजर आधी तिथेच धावते आणि ज्या पायऱ्यांच्या सावल्यांसाठी एवढा जीव ओतला, त्या मागे पडतात. माझ्या चित्रातली कृष्णा कोऱ्या कागदाचीच आहे, तळाशी तिसऱ्या वाटीतला एक आडवा फिका हात, बस. गडद घाटाला लागून असल्यामुळे ती पाणीच वाटते.