एका भेगेची दोन दुखणी

यंत्रांचे आणि माझे कधीच सख्य नव्हते. मनगटावरच्या घड्याळाला किल्ली देणे एवढीच माझ्या यंत्रविद्येची मजल. आणि हल्लीच्या घड्याळांनी तीही विद्या माझ्याकडून काढून घेतली आहे. अशा माणसाच्या दारी टर्बोचार्जरची पेट्रोल मोटार यावी, हा केवळ चिरंजीवांच्या आग्रहाचा प्रताप. “बाबा, इंजिन लहान आहे, पण चढावर मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकील,” असे त्याने मला सांगितले होते. पुढे तो नोकरीनिमित्त बंगळूरला गेला, आणि गाडी व तिची दुखणी मात्र माझ्या वाट्याला आली.

पहिले दुखणे चौकातल्या लाल दिव्यापाशी सुरू झाले. गाडी उभी राहिली की इंजिन काही सुखाने श्वास घेईना. घटकेत त्याचा वेग चढे, घटकेत उतरे, आणि मध्येच सारी गाडी झोपेत दचकलेल्या मुलासारखी थरथरे. दुसरे दुखणे अगदी उलट जातीचे. सासवडला एका स्नेह्यांकडे जाताना दिवे घाटाच्या चढावर मी जोर मागितला, तो पुढून सापाच्या फूत्कारासारखा आवाज आला, गाडीची शक्ती ओसरली, आणि आरशात पाहतो तो मागे काळसर धुराचा पट्टा! मालाने लादलेला एक ट्रक शांतपणे आम्हांला मागे टाकून निघून गेला. आमच्या सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “मोठ्या गाड्यांना मागे टाकणार होती, ती हीच ना?”

ज्या कारखान्यात मी गाडी नेली तेथील टापटिपीच्या तरुणाने तिला संगणक जोडला. संगणकाने साक्ष दिली की, मिश्रण पातळ आहे. म्हणजे हवा फार आणि पेट्रोल थोडे. मी धुराची हकीकत सांगितली. काळा धूर म्हणजे पेट्रोल फार आणि हवा थोडी. दोन साक्षी परस्परविरुद्ध पडल्या, तेव्हा तेथील न्यायाधीशांनी साक्षीदारालाच शिक्षा ठोठावली! आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर त्यांनी बदलला. आठ दिवसांनी इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा पुन्हा लागला. तेव्हा जळून बाहेर पडणाऱ्या वायूतला ऑक्सिजन मोजणारा दुसरा सेन्सर बदलला. तिसऱ्या खेपेस खुद्द टर्बोचार्जरच बदलावा असा सल्ला मिळाला. त्याची किंमत ऐकून मी निमूटपणे गाडी बाहेर काढली.

महाविद्यालयातील एका सहकाऱ्याने नाना पेठेतल्या एका वृद्ध मिस्त्रींकडे जायला सांगितले. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी मला प्रश्न विचारले. दुखणे उभ्या गाडीत की पळत्या? थंड इंजिनाला की तापलेल्या? आवाज चढावर येतो की सपाटीवरही? मग त्यांनीही एक लहानसे यंत्र जोडले. उभ्या गाडीत संगणक नेहमीपेक्षा शेकडा वीस इतके अधिक पेट्रोल देत होता. इंजिन मिनिटाला 2500 फेऱ्यांवर नेताच ती वाढ चार-पाचांवर उतरली. “सर, गाडी एअर घेतेय,” ते म्हणाले. “भोक तेवढंच आहे. पण उभ्या गाडीत हवा लागते थोडी, म्हणून चोरवाटेची हवा जड होते. वेगात हवाच इतकी जाते, की तिची गणती राहत नाही.”

मग त्यांनी जे समजावले ते मी माझ्या भाषेत सांगतो. बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूंच्या जोरावर एक चक्र फिरवावे आणि त्या चक्राने ताजी हवा दाबून इंजिनात भरावी, ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. 1905 साली त्याने तिचे पेटंट घेतले. म्हणूनच चढावर या इंजिनाच्या आतील नळ्यांत बाहेरच्यापेक्षा अधिक दाब असतो. परंतु गाडी उभी असताना थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. पिस्टन हवा मागतात आणि झडप ती देत नाही. त्यामुळे झडपेपलीकडच्या मॅनिफोल्डमध्ये दाब बाहेरच्या निम्म्याहूनही खाली जातो. आता त्या जागी एखादी भेग असली तर काय होईल? गाडी उभी असताना बाहेरची, न मोजलेली हवा तीतून आत घुसेल आणि मिश्रण पातळ होईल. चढावर त्याच भेगेतून आतली, मोजून घेतलेली हवा बाहेर निसटेल. मोजमापाप्रमाणे पेट्रोल मात्र पुरे पडेल, आणि मिश्रण दाट होईल. म्हणजे दोन्ही साक्षीदार खरे बोलत होते! खोटा होता तो आमचा समज, की दोन दुखण्यांना दोन कारणे असलीच पाहिजेत.

भेग शोधण्याची रीत मला फार आवडली. मिस्त्रींनी प्रथम इंजिन बंद केले. हवेच्या गाळणीपुढची नळी सोडवून तिच्या तोंडात एक बूच बसवले. त्या बुचाला टायरची व्हॉल्व्ह होती. तीतून कॉम्प्रेसरची हवा अगदी बेताने आत सोडली. गाडीला चढावर सोसावा लागतो त्याहून अधिक दाब चढू दिला नाही. मग शेजारचा रेडिओ बंद करवला आणि कान लावला. तेल भरण्याच्या तोंडाशी मंद सुसकारा ऐकू आला. “हीच का?” मी अधीरतेने विचारले. “नाही. थोडी हवा पिस्टनच्या कडेनं जायचीच. तो इंजिनाचा स्वभाव, रोग नव्हे.” मग ते एकेका सांध्यावर साबणाचे पाणी शिंपडीत गेले. मॅनिफोल्डमधून निघणारी अंगठ्याएवढी एक रबरी नळी वळण घेऊन खाली गेली होती. त्या वळणाच्या पोटाशी, डोळ्यांना कधीच दिसली नसती अशा जागी, पांढरे बुडबुडे फुगू लागले. तेलाने आणि उष्णतेने रबर कडक होऊन तेथे बोटभर भेग पडली होती. नवी नळी काही शेकड्यांत आली.

परत येताना गाडीत कसलाच आवाज नव्हता, आणि त्या शांततेत मला एक मुलगा आठवला.

पंचवीस वर्षे झाली असतील. माझ्या वर्गात तो तिसऱ्या बाकावर बसे. काही काम नसले की त्याचे चित्त ठिकाणावर नसे; ज्याच्या त्याच्या बोलण्याकडे त्याचा कान. आणि परीक्षेत पहिले उत्तर तो असे लिही की वाचतच राहावे. तिसऱ्यापाशी त्याचा दम सरे. पहिल्या सत्रात मी शेरा लिहिला, ‘लक्ष नाही.’ दुसऱ्या सत्रात लिहिला, ‘वाचन पुष्कळ, पण सारे वाया जाते.’ दोन्ही शेरे खरे होते. मी आधी त्याची जागा बदलली, मग पुस्तके बदलली, आणि शेवटी विषयच बदलण्याचा सल्ला दिला. तिसऱ्या सत्रात तो आला नाही.

तो कोठे राहतो, घरी कोण आहे, रात्री अभ्यासाला दिवा मिळतो की नाही, यांतले मला काही ठाऊक नव्हते. या गोष्टी मुलाला बाजूला बसवून, हलक्या आवाजात विचारायच्या असतात. मी त्याला चालत्या इंजिनावरच तपासत राहिलो. गाडीच्या दुखण्याचे निदान झाले. त्याच्या दुखण्याचे निदान आता व्हायचे नाही.

ती जुनी नळी मी मिस्त्रींकडून मागून आणली आहे. माझ्या टेबलाच्या खणात ती असते. सरळ धरली की धडधाकट दिसते. जरा वाकवली की भेग तोंड उघडते. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर आला, की पहिला शेरा लिहिण्याआधी मी ती एकदा वाकवून पाहतो.