चालू पडलं की झालं?

रॅम काढायची, खोडरबराने पुसायची, परत बसवायची आणि डिस्प्ले आला की कॅबिनेटचं झाकण लावायचं. बरीच वर्षं माझी दुरुस्ती एवढीच होती आणि मला तिचा अभिमानही होता. भिसेगाव कर्जत स्टेशनला लागूनच. इथल्या आणि दहिवली-मुद्रे-गुंडग्याच्या किती डेस्कटॉपच्या पोटात माझा हात जाऊन आलाय, हे मला सांगता येणार नाही. जून लागला की ‘नो डिस्प्ले’ची तक्रार इथे सर्दीसारखी पसरते. पंखा फिरतो, लाइट लागते, स्क्रीन काळी, वर लांब लांब बीप. मी जायचो, पाच मिनिटांत मशीन उभं करायचो, चहा घ्यायचो, निघायचो. गिऱ्हाईक खूश, मीही खूश.

आणि त्यात खोटं काही नव्हतं. बोरघाटाच्या पायथ्याचा पाऊस, चार-चार दिवस न वाळणारे कपडे, त्यात हे मशीन. रॅमच्या स्टिकच्या कडेवरचे ते पिवळे पट्टे सोन्याचे असले, तरी मुलामा इतका पातळ असतो की त्यातल्या बारीक छिद्रांतून खालचा धातू ओल धरतो. वर धूळ आणि दमटपणा मिळून एक साय जमते आणि संपर्क तुटतो. पुसलं की जुळतो. खरं तर निम्मं श्रेय खोडरबराचं नाहीच. स्टिक नुसती काढून परत दाबून बसवली, तरी स्लॉटच्या पिना ती साय खरवडून टाकतात. खोडरबर जोरात घासलं तर मुलामाच उडतो, म्हणून हल्ली मी कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतो. पण हा तपशील झाला. माझं मत बदललं ते पुसण्याबद्दल नाही, पुसून झाल्यावर काय करायचं त्याबद्दल.

माझं जुनं मत असं होतं: रॅम एकतर चालते, नाहीतर चालत नाही. मशीन सुरू होऊन विंडोजपर्यंत पोचलं याचा अर्थ रॅम पास. वर कंपन्या तिला लाइफटाइम वॉरंटी देतात, म्हणजे मरायचंच झालं तर विंडोज मरेल, हार्ड डिस्क मरेल, रॅम नाही. निळी स्क्रीन आली की फॉरमॅट मारायचा. मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम १९९४पासून आहे, ख्रिस ब्रॅडीने लिहिलेला. माझ्याकडच्या पेनड्राइव्हवर तो होता. तो रात्रभर लावून बसणाऱ्यांना मी रिकामटेकडे म्हणायचो, आणि हे त्यांच्या तोंडावर.

मग एका फोटोग्राफरचं मशीन आलं. म्हणजे मशीनबद्दल त्याची तक्रार नव्हतीच. ‘भाऊ, पीसी मस्त चालतोय, पण फोटो खराब यायला लागलेत. एखाद्या फोटोत अर्ध्यातून खाली गुलाबी पट्टा येतो. कार्ड गंडलंय वाटतं.’ त्याने कार्ड बदललं होतं, रीडर बदलला होता. मला हार्ड डिस्कचा संशय आला, पण डिस्कच्या तपासणीत काही निघेना.

शेवटी एक गंमत करून बघितली. लग्नाच्या व्हिडिओची एक मोठी फाईल घेतली आणि तिचा हॅश काढला. म्हणजे फाईलमधल्या सगळ्या बाइट मिळून येणारा एक ठरावीक आकडा. फाईलला हात लावला नाही, तर तो कितीही वेळा काढा, तोच यायला हवा. पहिल्यांदा एक आला. दुसऱ्यांदा वेगळा. तिसऱ्यांदा पुन्हा पहिला. डिस्कवरची फाईल तर जागची हलली नव्हती. वाचताना मध्ये कुठेतरी कुणीतरी ती बदलत होतं, आणि मध्ये होती फक्त रॅम.

रिकामटेकड्यांचा प्रोग्रॅम लावला. बराच वेळ सगळं स्वच्छ, आणि मग तांबड्या ओळी. प्रत्येक ओळीत पत्ता, काय लिहिलं होतं ते आणि परत वाचताना काय मिळालं ते. लिहिलं होतं आठ वेळा ‘एफ’. वाचताना सात ‘एफ’ आणि शेवटी ‘बी’. एक बिट. एकाचं शून्य. पुढच्या फेरीतही तीच जागा, तोच बिट.

आठ जीबीच्या स्टिकमध्ये असे बिट ६,८०० कोटींच्या वर असतात. प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विजेचा थेंबभर साठा. तो गळतो म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. त्यातला एखादा जरा जास्त गळका निघाला की खेळ खलास. पण हे मशीन सुरू होताना कळत नाही, कारण तेव्हाची तपासणी घाईची असते. ब्राउझर नि बिलं करताना बरीचशी रॅम रिकामी असते. अल्बमचं सॉफ्टवेअर उघडून शेकडो फोटो कॉपी करायला लावले की ती गळकी जागा कामाला येते. कार्डावरून आलेला फोटो तिथे क्षणभर थांबतो, बिघडतो आणि बिघडलेलाच डिस्कवर जातो. बॅकअपही त्याच बिघडलेल्या फोटोचा होतो. त्या माणसाने कार्डं तोवर फॉरमॅट केली होती. कुणाच्या तरी हळदीचे काही फोटो कायमचे गेले.

हे मशीन आधीच नो डिस्प्लेने बंद पडलं असतं, तर एकही फोटो गेला नसता. मी ज्या बीपला रोग समजत होतो, तो निदान ओरडून सांगत तरी होता.

नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की हा काही आमच्या पावसाचा प्रताप नाही. २००९मध्ये बियांका श्रोडर आणि गुगलच्या दोन अभियंत्यांनी गुगलच्या सर्व्हरमधल्या रॅमचा अभ्यास छापला. वर्षाला ८ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये निदान एक तरी चूक सापडली होती. उष्णतेचा परिणाम आपण धरून चालतो त्यापेक्षा बराच कमी निघाला, वय वाढेल तशा चुका मात्र वाढत गेल्या. ‘पंखा वाढवून द्या’ हा माझा आवडता सल्ला तिथेच बारगळला. बेल्जियममध्ये २००३च्या निवडणुकीत एका उमेदवाराला शक्यच नाहीत इतकी मतं पडली. जास्तीची नेमकी ४,०९६, म्हणजे दोनाचा बारावा घात. एक बिट उलटला असावा, असाच निष्कर्ष काढला गेला. लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स, त्याच्याही डेस्कटॉपची एक स्टिक २०२२मध्ये गेली आणि ऐन कामाच्या धांदलीत त्याला लॅपटॉपवर दिवस काढावे लागले. हा तोच माणूस, जो चूक दुरुस्त करणारी ईसीसी रॅम साध्या मशीनमध्ये का नाही म्हणून जाहीर भांडत आलाय.

ईसीसीला मी ‘सर्व्हरवाल्यांचं खूळ’ म्हणत होतो. आता तसं म्हणत नाही. सहकारी पतपेढीच्या खातेवहीतला आकडा किंवा डॉक्टरांकडचा रिपोर्ट गुलाबी पट्टा दाखवून सांगत नाही की मी बिघडलोय. अडचण एवढीच की आपल्याकडच्या स्वस्त बोर्डांत ती चालत नाही. आणि डीडीआर५मध्ये ‘ईसीसी आलंच आहे’ म्हणून जे विकलं जातं ते चिपच्या आतल्या आत असतं, चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर ते पहारा देत नाही. विकणाऱ्याला हे माहीत असतं की नाही, देव जाणे.

आता माझी पद्धत लांबलचक झाली आहे. वायर काढायची, पॉवरचं बटण दाबून उरलेली वीज घालवायची, एकच स्टिक ठेवून तपासायची, मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये. चूक स्टिकबरोबर गेली तर दोष स्टिकचा. स्लॉटलाच चिकटून राहिली तर दोष बोर्डाचा, नाहीतर सॉकेटमधली वाकडी पिन, नाहीतर कूलर वाजवीपेक्षा जास्त आवळलेला. त्याआधी बायोसमध्ये जाऊन रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी बंद करायचं. गेमिंगची पोरं ते चालू करतात, वेग ३२०० करतात आणि चांगल्या स्टिकला नावं ठेवतात. हे सगळं झालं की रात्रभर टेस्ट. भिवपुरीच्या वीजघरात शंभर वर्षं वीज तयार होतेय, तरी पावसाळ्यात इथे एक रात्र सलग टेस्ट चालवायची म्हणजे यूपीएसची बॅटरी ठणठणीत लागते. वीज गेली की सगळं पहिल्यापासून.

शिवाय आता अंदाजाने स्टिक बदलून बघणं परवडतही नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी चिप पळवल्यापासून २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव असे चढले, की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेली सेकंडहँड स्टिकसुद्धा आधी रात्रभर टेस्टला लावतो, मगच गिऱ्हाइकाला दाखवतो.

गिऱ्हाइकांना हे पटतंच असं नाही. ‘अहो, चालू झालंय ना, मग द्या की. पूर्वी तर पाच मिनिटांत द्यायचात.’ मी टेस्टचे वेगळे पैसे लावतो, हेही काहींना खटकतं. ते मशीन उचलून बाजारपेठेत दुसरीकडे नेतात, तिथे खोडरबर मारून लगेच मिळतं. कुणी घाईतच असेल, तर मी एवढंच सांगतो की आजच्या आज फोटो नि हिशेब दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, आणि तोवर कार्डं पुसू नका. फोटोग्राफर हे ऐकतात. पतपेढीवाले अजून ऐकत नाहीत.