लहान मुलांना घेऊन नील बेटावर

जानेवारीत आम्ही अंदमानला गेलो. नवरा, मी, सासूबाई, सहा वर्षांची लेक आणि तीन वर्षांचा धाकटा. सहलवाल्यांच्या यादीत हॅवलॉक, नील, बाराटांग असं सगळं होतं. आम्ही पोर्ट ब्लेअर आणि नील एवढंच ठेवलं. बेट बदलायचं म्हणजे लवकर उठून धक्का गाठा, सामान द्या, रांगेत थांबा, बोट, मग पुन्हा नवीन हॉटेल. मुलांचा दिवस त्यातच संपतो. हॅवलॉक राहिलं याची हळहळ वाटली, पण आजही मी तेच करीन. एक सांगून ठेवते. नीलचं नाव २०१८ पासून शहीद द्वीप आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय. बोलताना लोक अजून जुनी नावं घेतात, पण कागदोपत्री नवीन दिसलं तर घाबरून जाऊ नका.

पोहोचलो त्या दिवशी सेल्युलर जेल पाहिलं. आईंना, म्हणजे सासूबाईंना, सावरकरांची कोठडी बघायचीच होती. ती सगळ्यात वरच्या मजल्यावर, टोकाला आहे. आई तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांना घाई नको म्हणून मी मुलांना घेऊन खाली अंगणात बसले. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम सोडला. मुलं त्याआधीच झोपली होती.

दुसऱ्या दिवशी नीलची बोट. खासगी, बंद एसी केबिनची. मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात. सामानवाल्यानं मुलांच्या कपड्यांची सॅकही त्यात टाकली आणि गर्दीत ती परत मिळेना. अर्ध्या वाटेत लाटा वाढल्या. धाकटा आधी एकदम गप्प झाला, मग माझ्या अंगावर उलटी. पाठोपाठ लेकीला. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध निघण्याआधी दिलं होतं, तरीही. शेजारच्या बंगाली काकूंनी स्वतःचा टॉवेल दिला आणि धाकट्याला मांडीवर आडवं घेऊन थोपटत राहिल्या. आलोच कशाला, असं मला त्या वेळी खरंच वाटलं. तेव्हा कपड्यांचा एकेक जोड, ओले रुमाल आणि प्लास्टिकच्या पिशव्या खांद्यावरच्या पर्समध्येच ठेवा. पुढच्या टोकापेक्षा मधल्या-मागच्या रांगा बऱ्या, तिथे बोट कमी आपटते.

दुपारी भरतपूरच्या किनाऱ्यावर गेलो तर पाणी लांब गेलेलं. समोर खडक आणि मेलेली पोवळी. मुलं पाण्याच्या ओढीनं पळाली आणि लेकीचा तळवा कापला. जखम लहान होती, पण आत पोवळ्याचे बारीक कण अडकले होते. बाटलीतल्या पिण्याच्या पाण्यानं पाय धुतला आणि रिक्षानं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठलं. सिस्टरांनी एकेक कण काढला, पट्टी केली, धनुर्वाताची लस कधी झाली ते विचारलं. लसीकरणाच्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये होता, म्हणून लगेच सांगता आलं. लेक ओरडत होती. नवरा बाहेर जाऊन उभा राहिला, त्याला बघवेना. तळ जाड असलेले रबरी बूट बाजारात मिळाले. दोघांनाही घेतले.

पुढचे दिवस आम्ही भरती-ओहोटी बघून काढले. आई रत्नागिरीच्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा त्यांचा लहानपणापासूनचा हिशोब. इथे तो जुळेना. प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी असते. हॉटेलातल्या मुलानं रोजच्या वेळा लिहून द्यायला सुरुवात केली. भरती दर दिवशी पाऊण तास-तासभर पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. पाणी भरलेलं असलं की भरतपूर. तिथे धाकटा घोटाभर पाण्यात तासन्‌तास बसे. पाणी ओसरलं की लक्ष्मणपूरची दगडी कमान, जिला सगळे नैसर्गिक पूल म्हणतात. तिथे ओहोटीलाच जाता येतं.

लेकीला पाण्यात उतरायचं नव्हतं. ती बाबाच्या पाठीवर बसून कमानीपर्यंत आली. खडकातल्या एका डबक्याशी वाटाड्या थांबला आणि हात न लावता बोट दाखवलं. तळाशी काळी, मऊसर समुद्रकाकडी पडलेली. हलते की नाही कळेना. मग तिच्या एका टोकाशी बारीक फांद्यांसारखं काहीतरी बाहेर आलं आणि आत गेलं. लेक पाय दुखतोय हे विसरली.

अंदमान इतकं पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. जानेवारीत साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. मुलं पहाटे उजेडाबरोबर उठायची आणि रात्री आठला झोपायची. आम्हीही तसंच केलं. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात. लगेच कळत नाही, रात्री खाज सुटते. धाकट्यानं पाय खाजवून लाल केले. खोबरेल तेल आणि लांब पायजमे, यानं फरक पडला.

जेवणाची चिंता नव्हती. बेटावर बंगाली कुटुंबांची वस्ती आहे, भाजीपाला तिथेच पिकतो. डाळ-भात, बटाट्याची भाजी, मासे सगळीकडे. रोख पैसे मात्र हवेत. नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे जात नाहीत.

निघायच्या दिवशी वारा वाढला आणि आमची बोट रद्द झाली. परतीचं विमान त्यानंतर एक दिवस सोडून होतं, म्हणून जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी सरकारी बोटीची तिकिटं मिळाली. ती हळू जाते, पण डेकवर बसता येतं. वाऱ्यावर मुलांना उलटी झाली नाही. लेकीनं गोळा केलेले पोवळ्याचे तुकडे आम्ही बेटावरच ठेवून आलो होतो, विमानतळावर ते काढून घेतात. तिचा पाय भरायला आठवडा गेला. तोवर शाळेत चपला घालून गेली, बाईंना चिठ्ठी दिली होती.