मौनातील सोबती

पहाटे चार वाजता घंटेचा नाद इगतपुरीच्या डोंगरांत घुमला आणि गुरुजी उठून बसले. पौषाची थंडी होती. शेजारची खाट रिकामीच. ‘गृहस्थ आजही बाहेर!’ हे शब्द गुरुजींच्या मनात आले, ओठांवर मात्र आले नाहीत. कारण धम्मगिरीवर साधकांनी आपसांत बोलावयाचे नसते.

सत्यनारायण गोएंका यांनी ब्रह्मदेशात शिकलेली विपश्यना १९६९ साली भारतात आणली. इगतपुरीच्या या केंद्रात ती १९७६ पासून शिकवली जाते. गोएंका २०१३ साली निवर्तले. तथापि साधकांना सूचना मिळतात त्या अजूनही त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात. शिबिर दहा दिवसांचे. शुल्क नाही, परंतु पुस्तक, लेखणी, दूरध्वनी सारे आधी जमा करावे लागते.

पहिले तीन दिवस नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास केवळ पाहावयाचा. गुरुजींचा श्वास राही बाजूला आणि मन धावे सोबत्याकडे. तीस वर्षे वर्गात बोललेल्या माणसाची जीभ मुकी झाली, की मन किती बोलके होते! हा मनुष्य रात्री खोकतो, करकरणारे दार उघडून बाहेर जातो. नियम पाळावयाचे नव्हते, तर आला कशाला?

चौथ्या दिवशी मस्तकापासून पायांपर्यंत संवेदना न्याहाळण्याची शिकवण मिळाली. आता तासभर न हलता बसावयाचे. गुडघे जणू पेटले. त्या तासात गुरुजींना दिसले, की दाराची करकर नुसती आठवली तरी आपला जबडा आवळतो. सोबत्याला या रागाची गंधवार्ताही नव्हती. रात्री दार पुन्हा वाजले आणि राग पुन्हा आलाच.

दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटले. सोबती अकोल्याकडचे शेतकरी निघाले. तेच प्रथम बोलले.

“माझ्या खोकल्याने आपली झोप मोडू नये, म्हणून ओसरीवर जाऊन बसत होतो. पण ते दार मेले वाजायचेच!”

गुरुजींना शब्द सुचेना. “एवढ्या थंडीत?” इतकेच ते म्हणाले.

“घोंगडी होती की.”

त्या रात्री पुन्हा खोकल्याची उबळ आली. शेतकरी घोंगडी उचलून दाराकडे निघाले.

“बसा इथेच,” गुरुजी म्हणाले आणि अंधारात चाचपडत त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.