वालाच्या रोपांतील अंतर

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांत भाताची कापणी उरकली कीं, शेतांत जी ओल शिल्लक राहते तिच्यावर वाल, पावटा, कुळीथ हीं कडधान्यें घेण्याचा परिपाठ फार जुना आहे. वाल टोकल्यावर पुढें पाऊस नाहीं, आणि पुष्कळ ठिकाणीं पाटाचें पाणीही नाहीं. म्हणजे या पिकाची सारी शिदोरी पहिल्याच दिवशीं जमिनींत बांधून ठेवलेली असते. ती किती तोंडांत वांटावयाची, एवढेंच शेतकऱ्याच्या हातीं उरतें.

बीं दाट टोकलें तर शेंगा अधिक येतील, असें प्रथमदर्शनीं कोणासही वाटेल. परंतु हिशेब करून पाहूं. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा. चोहोंकडून एकेक फूट अंतर ठेवलें तर तींत सुमारें १,०८९ रोपें मावतात. ओळींतील अंतर अर्ध्या फुटावर आणलें तर २,१७८ होतात. रोपें दुप्पट झालीं, ओल मात्र तितकीच राहिली. कडधान्याच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र रोपास मिळवून देतात, आणि हवा सर्वांस पुरते. पाणी व सूर्यप्रकाश यांचें तसें नाहीं. दाटींत रोपें उजेडासाठीं उंच व किरकोळ वाढतात, फुलें गळतात, आणि वारा खेळत नसल्यानें बुरशीस फावतें.

उलट, अंतर अति ठेवलें तर एकेक झाड शेंगांनीं लगडतें खरें. पण मधली जमीन उघडी पडून तिची ओल उन्हानें उडून जाते व तण माजतें. एका झाडाचें वैभव म्हणजे शेताचें उत्पन्न नव्हे. जपानांतील किरा प्रभृति शास्त्रज्ञांनीं १९५३ सालीं असें दाखविलें कीं, एका मर्यादेपलीकडे रोपें कितीही वाढविलीं तरी एकूण वाढीचें वजन जवळजवळ तेंच राहतें. प्रत्येकाचा वांटा मात्र घटतो.

विरळणी करतांना हात अडखळतो, हें आम्ही जाणतों. गतवर्षाच्या साठ्यांतून राखलेल्या बियाचें हिरवें रोप उपटणें जिवावर येतें. पण पावसाळ्यांत घरच्या बिरड्यास वाल पुरणार कीं नाहीं, हें त्याच वेळीं ठरत असतें. पेरणाऱ्याच्या दाखल्यांत कांट्यांनीं बियांची वाढ खुंटविली. भावंडांच्या गर्दीनेंही ती खुंटते.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, यंदा वडिलांकडून शेताचा एक कोपरा मागून घ्या. सारखे तीन वाफे करून वाल दाट, मध्यम व विरळ असा टोका, आणि सुकलेले दाणे तराजूंत घाला. आपल्या जमिनीस कोणतें अंतर मानवतें, याचें उत्तर तीच देईल.