झाडाला विटाळ कळत नाही, पेर कळते

पाळीतल्या बाईने हात लावला की झाड वाळते, असे आपल्या घराघरांत आजही सांगितले जाते. तुळशीजवळ जाऊ नको, लोणच्याला शिवू नको, पापडावर सावली पाडू नको. शिकलेली माणसेही वर विचारतात, "तेवढं पाळलं तर काय बिघडतं?" आमचे म्हणणे असे की पुष्कळ बिघडते. आणि यातला खोटेपणा दाखवायला मनीप्लांटची एक तुटलेली फांदी पुरते.

वस्तीत आम्ही मुलींची अभ्यासिका चालवतो. तिथे कपाट सरकवताना खिडकीतल्या मनीप्लांटची लांब फांदी तुटली. ती पाण्यात लावूया म्हटले, तर नववीतली एक मुलगी मागे सरली. "ताई, मी नको. माझी पाळी आहे, वाळेल ती." आम्ही तिला भाषण दिले नाही, कात्री तिच्याच हातात दिली.

मनीप्लांटच्या वेलाला जिथे पान फुटते, तिथे उसासारखे पेर असते. पेराशी एक बारीक तपकिरी टोक दिसते, त्याचेच पुढे मूळ होते. पेराच्या जरा खाली कापायचे, पेर पाण्यात बुडेल आणि पान वर राहील असे बाटलीत ठेवायचे. बाटलीला उजेड हवा, कडक ऊन नको. पाणी आठवड्याने बदलायचे. एवढीच विद्या.

सहा तुकडे निघाले. तीन तिने लावले, तीन इतर मुलींनी. बाटल्यांवर खुणा केल्या. एका मुलीने सातव्या बाटलीत पेर नसलेले नुसते पान ठेवले. तिची पाळी नव्हती. दोन आठवड्यांत सहाही बाटल्यांत पांढरी मुळे दिसली. सातवीतले पान हिरवे राहिले, पण मूळ धरेना. म्हणजे झाडाने विचारले काय? पेर आहे का. हात कोणाचा, हे विचारलेच नाही.

कोणी म्हणेल, सहा बाटल्यांनी काय सिद्ध होते? मग मोठा पुरावा घ्या. मनीप्लांट मूळचा प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटाचा. घरी लावलेल्या वेलाला फूल जवळजवळ कधीच येत नाही. फूल नाही म्हणून बीही नाही. घराघरांतला हा वेल असाच फांदी तोडून, हातोहात पसरला. त्यात बायकांचे हात किती असतील आणि पाळीचे दिवस किती! विटाळ खरा असता तर हा वेल कधीच नाहीसा झाला असता.

ही समजूत केवळ अडाण्यांची, असेही समजू नका. व्हिएन्नाचे नामांकित डॉक्टर बेला शिक यांनी 1920 मध्ये लिहिले की पाळीतल्या मोलकरणीच्या हातात दिलेली फुले कोमेजली, म्हणून तिच्या अंगात विष असावे. पुढच्या काळात ते विष काही सिद्ध झाले नाही. पण संशय आधी कोणावर घेतला ते पाहा: बाईवर, आणि तीही घरकाम करणारी.

विटाळ हा शब्द आपल्याला नवा नाही. पाणवठ्यावर आपल्या बापजाद्यांना हाच शब्द ऐकवला गेला. संविधानाच्या कलम 17 ने अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात पाळण्यास मनाई केली. 2018 च्या शबरीमला निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी पाळीच्या कारणाने बाईला दूर ठेवणेही या कलमाखाली येते, असे मत नोंदवले. पाणवठ्यावरचा विटाळ ज्यांनी नाकारला, त्यांच्या घरात मुलीला कोपऱ्यात बसवले जात असेल, तर ती लढाई अर्धीच राहिली.

म्हणून वाचकांना आमचे सांगणे एवढेच: तुटलेली फांदी फेकू नका. मुलीला पेर कुठे असते ते दाखवा, आणि तिची पाळी असेल त्याच दिवशी तिच्या हाताने ती लावून घ्या. "वाळेल" म्हणणाऱ्या आजीला पंधरा दिवसांनी बाटलीतली मुळे दाखवा. वाद घालायची गरजच पडणार नाही.