भूछत्रासारखे

मराठी समीक्षेत ‘भूछत्रासारखे उगवणे’ हा वाक्प्रचार सहसा तुच्छतेनेच येतो. नवे कवी, नवी नियतकालिके, नव्या प्रकाशनसंस्था, जे जे पाळेमुळे नसलेले आणि रातोरात उगवलेले वाटते ते सारे त्यात बसवले जाते. गेले दोन हिवाळे मी घराच्या मागच्या खोलीत धिंगरी अळंबी लावतो आहे. या वाक्प्रचारातील निरीक्षण किती अपुरे आहे, हे तिथे रोज दिसते.

नवशिक्यासाठी धिंगरीच सोयीची, कारण बटण अळंबीसारखे तिला कंपोस्ट खत आणि थंड खोली लागत नाही. भाताच्या पेंढ्याचे दोन-तीन इंचांचे तुकडे रात्रभर भिजवायचे, मग सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवून निथळायचे. एवढ्याने पेंढा निर्जंतुक होत नाही. स्पर्धक बुरश्या मागे पडतात, इतकेच. बियाणे म्हणून जे मिळते तेही बी नव्हेच. गव्हाच्या किंवा ज्वारीच्या उकडलेल्या दाण्यांवर वाढवलेली ती पांढरी बुरशी असते. ओल्या पेंढ्याच्या वजनाच्या साधारण २ टक्के बियाणे थराथराने पेरत प्लास्टिकची पिशवी भरायची, तोंड बांधायचे आणि पिशवीला बारीक छिद्रे पाडायची.

पुढचे पंधरा ते वीस दिवस काहीही न करण्याचे. पंचवीस अंशांच्या आसपास, अंधारात, तंतू पेंढ्यात पसरत राहतात आणि पिशवी हळूहळू पांढरी होते. हिरवा डाग पसरू लागला तर ती पिशवी घराबाहेर काढावी लागते. पांढरी झालेली पिशवी कापून उजेड व मोकळी हवा दिली, दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारले, की टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर दिसतात. त्यांच्या छत्र्या होतात त्या मात्र तीन-चार दिवसांत. कडा वर वळण्याआधी त्या तोडाव्यात. नाहीतर बीजाणू हवेत पसरून श्वासाचा त्रास होऊ शकतो.

छत्री हे केवळ फळ. तो जीव पेंढ्यात असतो, आणि तोडणीनंतर काही दिवसांनी त्याच पेंढ्यातून दुसरे पीक येते. पावसाळ्यात गोव्यात आवडीने खाल्ली जाणारी वारुळावरची अळमी तर घरात लावताच येत नाही, कारण तिची बुरशी वाळवीने वारुळाच्या आत जोपासलेली असते.

वाक्प्रचार टाकून द्यावा असे मला वाटत नाही. परंतु एखादी विद्यार्थिनी अचानक चांगली कविता घेऊन येते, तेव्हा तिने काय वाचले, काय ऐकले, कशात ती मुरली, हे विचारणे समीक्षेचे काम आहे. हिरवी पडलेली पिशवीही असतेच, आणि ती ओळखावी लागते. मात्र उगवण्यातली घाई ही तिची खूण नव्हे. खूण असते ती आतल्या पेंढ्यात.